शब्द फिरवला, की हरवला?
अपस्मार आणि स्मरणशक्ती

ज्या विकाराला बोलीभाषेत फिट, फेफरे, मिरगी अशी नावे आहेत, त्याला आयुर्वेदाने ‘अपस्मार’ म्हटले आहे. ‘अप’ म्हणजे दूर जाणे आणि ‘स्मार’ म्हणजे स्मरण. स्मरण ज्यात दूर जाते तो अपस्मार. चरकसंहितेत या विकाराची ओळख करून देताना शरीराच्या विचित्र हालचालींच्याही आधी स्मृती, बुद्धी आणि सत्त्व यांच्या ढळण्याचा उल्लेख येतो. शतकांपूर्वीच्या वैद्यांनी विकाराचे नावच स्मृतीवरून ठेवले. आजच्या घरांत मात्र नेमका त्याचाच विसर पडतो. झटका चारचौघांना दिसतो, म्हणून त्याला औषध मिळते. स्मरणाची झीज कोणाला दिसत नाही, म्हणून तिला बोलणी मिळतात.

पिंपरी, चिंचवड, भोसरी ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात व्यापार करणाऱ्या घरांना ही बोलणी विशेष महाग पडतात. कारखान्यांना बोल्ट, बेअरिंग, पत्रा, पॅकिंगचे सामान पुरवणाऱ्या दुकानांत आजही पुष्कळसा व्यवहार तोंडी चालतो. कोणत्या पार्टीला कोणता भाव सांगितला, कोणाचा माल गुरुवारी पोहोचवायचा, कोणाची किती उधारी थकली, हे गल्ल्यावर बसणाऱ्याच्या डोक्यात असते. तेथे स्मरणशक्ती हे एक प्रकारचे भांडवलच असते आणि दिलेला शब्द हीच पत.

अशा दुकानात अपस्मार असलेला तरुण बसतो. सोमवारी तो चाकणच्या एका ग्राहकाला भाव सांगतो. गुरुवारी ग्राहक येतो तेव्हा तो शांतपणे म्हणतो, ‘असा भाव मी दिलाच नाही.’ ग्राहकाच्या मते त्याने शब्द फिरवला. वडिलांच्या मते त्याचे धंद्यात लक्ष नाही. वस्तुस्थिती वेगळीच असण्याची शक्यता असते: त्या संभाषणाची नोंद त्याच्या मेंदूत टिकलेलीच नसते. तो खोटे बोलत नाही आणि निष्काळजीही नाही. त्याचा शब्द हरवलेला असतो. फिरवलेला शब्द आणि हरवलेला शब्द यांतील फरक कुटुंबाला कळला नाही, तर एका प्रामाणिक माणसाच्या नावावर अप्रामाणिकपणाचा शिक्का बसतो.

स्मरण कोठे तुटते?

स्मरण म्हणजे एकच एक शक्ती नव्हे. त्याच्या पायऱ्या आहेत. जैन वाचकांना त्या अपरिचित नाहीत. तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार भेद सांगितले आहेत. प्रथम वस्तूची अस्पष्ट जाणीव होते, मग ती काय असावी याची विचारणा, नंतर निश्चय आणि शेवटी तो निश्चय टिकवून ठेवणारी धारणा. धारणा असेल तर पुढे स्मृती संभवते. आधुनिक मेंदूविज्ञानाची परिभाषा वेगळी आहे आणि दोन्हींची सरमिसळ करण्याचे कारण नाही. पण ‘आठवत नाही’ या एकाच वाक्यामागे निरनिराळ्या पायऱ्यांवरची तूट असू शकते, हे समजण्यासाठी हा क्रम उपयोगी पडतो.

पहिली तूट ग्रहणातच होते. लहान मुलांत ‘ॲब्सेन्स’ नावाचे झटके आढळतात. मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. केवळ काही सेकंद टक लावून पाहते आणि पुन्हा पूर्ववत होते. असे दिवसातून अनेक वेळा घडू शकते. पाठशाळेत सूत्र सांगितले जात असताना मधली ओळ त्या मुलापर्यंत पोहोचलेलीच नसते. जी ओळ आत आलीच नाही ती पाठ होणार कशी? शिक्षक म्हणतात, ‘मूल स्वप्नाळू आहे.’ आई म्हणते, ‘लक्ष नाही.’ निदान होण्यास उशीर लागतो तो याच दोन वाक्यांमुळे.

मोठ्या माणसांत मेंदूच्या एका भागापुरता झटका येतो तेव्हाही असेच घडते. एक-दोन मिनिटे माणूस शून्यात पाहतो, ओठ चाटतो, हाताने शर्टाच्या गुंड्यांशी किंवा समोरच्या कागदाशी चाळा करतो. बोलले तर उत्तर देत नाही, किंवा असंबद्ध देतो. त्या मिनिटांची कोणतीही आठवण त्याला राहत नाही. झटका संपल्यावरही काही काळ, कधी काही तास, मन धुकट राहते आणि त्या वेळात सांगितलेल्या गोष्टी निसटतात.

दुसरी तूट धारणेत होते. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, त्याला टेम्पोरल लोब म्हणतात. त्यात दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाची एक छोटी, वळलेली रचना आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ती कीर्द लिहिणाऱ्या मुनिमासारखी आहे. दिवसभराचे व्यवहार ती टिपून घेते आणि मग, विशेषतः झोपेत, त्यांची कायमच्या खतावणीत नोंद होण्यास मदत करते. प्रौढांतील अपस्माराचे एक मोठे उगमस्थान नेमके याच भागात असते. झटके वारंवार येत राहिले, तर मुनीमच आजारी पडतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही मेंदूत विजेचे बारीक स्फुरण चालू असू शकते. बाहेरून काही दिसत नाही, पण नोंदी बिघडतात. डावीकडे बिघाड असेल तर पुष्कळदा नावे, शब्द आणि ऐकलेला मजकूर निसटतो. उजवीकडे असेल तर चेहरे व रस्ते ओळखण्यात अडचण येऊ शकते.

या तुटीचा एक चकवा देणारा प्रकार आहे. काही रुग्ण ऐकलेली गोष्ट अर्ध्या तासाने अचूक सांगतात, दवाखान्यातील साध्या चाचणीतही उत्तीर्ण होतात. मात्र काही दिवसांनी वा आठवड्यांनी तीच गोष्ट इतरांपेक्षा फार वेगाने पुसली जाते. सोमवारचा भाव सोमवारी संध्याकाळी ठाऊक होता, गुरुवारी नाही, याचा उलगडा कधी कधी येथे होतो.

तिसरी तूट आठवून काढण्यात होते. माहिती आत असते, पण वेळेवर शब्द ओठांवर येत नाही. याला विकाराइतकीच औषधेही कारण असू शकतात.

एका रुग्णाने दिलेला धडा

स्मरणाविषयी आज जे ज्ञात आहे, त्यातील फार मोठा भाग एका अपस्माराच्या रुग्णामुळे कळला. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांचा जन्म १९२६ चा. तरुणपणी त्यांचे झटके इतके वाढले की काम करणे अशक्य झाले. १९५३ मध्ये हार्टफर्ड येथे शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग, हिप्पोकॅम्पसच्या मोठ्या हिश्शासह, काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, स्वभाव सौम्य राहिला, बालपण आठवत राहिले. पण नवी आठवण तयार होणे थांबले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्यांना वर्षानुवर्षे भेटत राहिल्या आणि प्रत्येक भेट मोलेसन यांच्या लेखी पहिलीच असे.

मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. रोज त्यांचा हात सुधारत गेला, मात्र हे काम आपण पूर्वी कधी केले आहे, हे त्यांना एकदाही आठवले नाही. यातून कळले की प्रसंगांची आठवण आणि हाताचे कसब मेंदूत वेगवेगळ्या जागी राहते. मोलेसन २००८ मध्ये वारले. हयातभर ते जगाला केवळ आद्याक्षरांनी ठाऊक होते. पूर्ण नाव मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

दोन्ही बाजूंची तशी शस्त्रक्रिया आता केली जात नाही. औषधांना दाद न देणाऱ्या निवडक रुग्णांवर एका बाजूची शस्त्रक्रिया भारतातही होते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अशा शस्त्रक्रियांचा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. शस्त्रक्रियेपूर्वी स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी घेतात आणि कोणत्या बाजूने किती जोखीम आहे, हे तोलले जाते. घरच्यांनी हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा.

मोलेसन यांच्या कहाणीतून व्यापारी घराने घेण्याजोगा अर्थ असा, की एका मार्गाने विसरणारा माणूस दुसऱ्या मार्गाने शिकू शकतो. ज्याला कालचे बोलणे आठवत नाही, त्याच्या हाताला माल लावण्याची, मोजण्याची, बिल करण्याची ठरलेली रीत सरावाने बसू शकते.

‘वय झाले’ असे म्हणण्यापूर्वी

अपस्मार हा लहान मुलांचा आणि तरुणांचाच विकार आहे, असा समज दिसतो. तो बरोबर नाही. उतारवयातही तो नव्याने सुरू होतो. पन्नाशी-साठीच्या एखाद्या गृहस्थांना अधूनमधून, विशेषतः सकाळी उठल्यावर, अर्धा-पाऊण तास काहीच लक्षात राहत नाही. ते चालतात, बोलतात, पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मग सारे पूर्ववत होते. काही महिन्यांनी पुन्हा तसेच घडते. जुन्या यात्रेच्या, लग्नाच्या आठवणीही विरळ होऊ लागतात. घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ हा अपस्मारामुळे येणारा तात्पुरता स्मृतिलोप असू शकतो आणि योग्य औषधाने असे प्रसंग बहुधा थांबतात. म्हणून वृद्धांचा वारंवार, थोड्या वेळापुरता येणारा विसर न्यूरॉलॉजिस्टला अवश्य दाखवावा.

औषध थांबवू नये, बदल विचारून करावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व नियमित उपचार मिळाल्यास त्यांतील सुमारे ७० टक्के लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. झटके आटोक्यात येणे हा स्मरणशक्ती वाचवण्याचाही पहिला उपाय होय.

मात्र औषधांचीही एक बाजू आहे. फिनोबार्बिटोनने सुस्ती येऊ शकते. टोपिरामेटने काहींना बोलताना शब्द सुचत नाहीत. एकाच वेळी तीन-चार औषधे चालू असतील तर मंदपणा अधिक जाणवतो. अशा वेळी घरात परस्पर ठरवले जाते, ‘गोळ्यांनीच डोके जड होते, बंद करून पाहू.’ हा निर्णय घातक ठरू शकतो. औषध एकाएकी थांबवल्याने झटक्यांची मालिका सुरू होऊ शकते आणि ती जिवावर बेतते. मात्रा कमी करणे, औषध बदलणे शक्य असते. ते डॉक्टरांच्या हातून, हळूहळू व्हावे. सोडियम व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलींनी व सुनांनी तर गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, कारण या औषधाचा गर्भातील बाळाच्या घडणीवर व पुढे त्याच्या बौद्धिक विकासावर परिणाम होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. उदासी, चिंता आणि अपुरी झोप यांनीही स्मरण दुबळे होते. अपस्मार असलेल्या माणसात उदासी पुष्कळ आढळते. रोज ‘विसरलास ना!’ ऐकणारा माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेले मन नवी नोंद घेत नाही. रागावल्याने स्मरण सुधारत नाही, उलट ढासळते.

चौविहार आणि रात्रीची गोळी

जैन घरांत हा विषय स्वतंत्रपणे बोलला गेला पाहिजे. अपस्माराची अनेक औषधे दिवसातून दोनदा, साधारण बारा-बारा तासांनी घ्यायची असतात. चौविहार पाळणारा मुलगा हिवाळ्यात संध्याकाळची गोळी साडेपाचला घेतो आणि सकाळची नवकारशीनंतर आठच्या सुमारास. मध्ये साडेचौदा तास जातात. पहाटेपर्यंत रक्तातील औषध कमी झालेले असते. उपवासाच्या दिवशी तर गोळी पूर्णच राहून जाते. पर्युषण वा दशलक्षण पर्वातील जागरणाची त्यात भर पडली, तर झटक्याला निमंत्रणच मिळते. पुष्कळदा दोष उपवासाला दिला जातो. खरे कारण चुकलेली गोळी आणि हुकलेली झोप असते.

यावर लपवाछपवी हा मार्ग नव्हे. डॉक्टरांना आपला नियम स्पष्ट सांगावा. काही औषधांच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, काहींच्या वेळा बदलता येतात. पण हे औषधागणिक वेगळे असते आणि ठरवायचे ते डॉक्टरांनीच. जेथे ते शक्य नाही, तेथे गुरू महाराजांना किंवा साध्वीजींना पूर्ण स्थिती सांगून मार्गदर्शन घ्यावे. पच्चक्खाणातच आगार सांगितले आहेत आणि समाधी टिकावी म्हणून ठेवलेला आगार अशाच प्रसंगांसाठी आहे. एखाद्याला अठ्ठाई झेपणार नाही, पण स्वाध्याय, दान, मौन, सामायिक यांची वाट खुली असते. त्याच्या तपाची तुलना भावंडांच्या तपाशी न करणे, हेही घराचे एक तपच होय.

ज्यांनी वही शोधली त्यांनीच वहीला हसू नये

व्यापाऱ्याइतका स्मरणाचा अविश्वास कोणी केलेला नाही. कितीही तल्लख पेढीवाला असला तरी पैसा-पैसा कीर्दीत लिहिला जातो, दिवाळीला वहीपूजन होते. मग त्याच घरातील अपस्माराचा मुलगा खिशात डायरी ठेवू लागला, की ‘एवढेही लक्षात राहत नाही?’ असे का म्हटले जावे? लिहून ठेवणे हे दुबळेपणाचे लक्षण असते, तर साऱ्या पेढ्या दुबळ्या ठरल्या असत्या.

उपाय साधे आहेत. प्रत्येक भाव आणि प्रत्येक वायदा त्याच क्षणी एका ठरलेल्या वहीत लिहावा. चिठ्ठ्या करू नयेत. ग्राहकाला भाव तोंडी सांगितल्यावर तोच व्हॉट्सॲपवर पाठवावा; यात दोघांचीही सोय आहे आणि शब्द हरवला तरी पत हरवत नाही. किल्ली, मोबाइल, पाकीट यांची जागा कायमची ठरवावी. गोळ्यांसाठी वारांच्या कप्प्यांची डबी आणि मोबाइलचा गजर ठेवावा, म्हणजे ‘घेतली की नाही’ हा वाद उरत नाही. घरच्यांनी एका वेळी एकच काम सांगावे. पाठांतर करणाऱ्या मुलाला थोडे थोडे द्यावे आणि तेच दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने पुन्हा म्हणवून घ्यावे. झटक्यांचीही वही असावी: तारीख, वेळ, किती मिनिटे, आदल्या रात्रीची झोप, गोळी चुकली होती का. रुग्णाला स्वतःचा झटका आठवत नाही. म्हणून घरच्यांनी केलेली ही नोंद, जमल्यास मोबाइलवरचे चित्रण, डॉक्टरांना निदानासाठी फार मोलाचे ठरते.

लपवण्याची किंमत

हे सारे साध्य होण्यात खरा अडसर विकाराचा नसून लपवण्याचा आहे. स्थळ येणार नाही, या भीतीने मुलीचा विकार सासरपासून दडवला जातो. मग गोळ्या पदराआड घ्याव्या लागतात, चुकतात, आणि जे टाळायचे होते तेच नव्या घरात सर्वांसमोर घडते. तिचा विसराळूपणाही आळस म्हणून मोजला जातो, कारण त्याचे कारण कोणाला सांगितलेलेच नसते.

या भीतीला एके काळी कायद्याचाही आधार होता. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहातील अडथळा म्हणून घातला गेला. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळण्यात आला. कायद्याने जे पुसले, ते समाजाच्या मनातून अजून पुरते पुसलेले नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः या विकाराचा अनुभव घेऊन ‘संवेदना फाउंडेशन’ उभे केले. तेथे रुग्ण व पालक एकत्र बसून मोकळेपणाने बोलतात आणि अपस्मार असलेल्यांसाठी विवाहमंडळही चालवले जाते. सत्य सांगून जुळलेली लग्ने टिकू शकतात, हा विश्वास अशा कामातून मिळतो.

खरेपणा रस्त्यावरही हवा. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या घोषणापत्रात अपस्माराविषयी स्पष्ट प्रश्न असतो. तेथे खोटे उत्तर देऊन पुणे-नाशिक रस्त्यावर अवजड वाहनांच्या गर्दीत दुचाकी घालणे, म्हणजे स्वतःचा आणि परक्याचा जीव पणाला लावणे होय. अहिंसेचा विचार येथेही लागू पडतो. अशा मुलाला वसुलीच्या फेऱ्या, उंच मांडणी आणि चालू यंत्रे यांपासून दूर ठेवून हिशेब, करपत्रे, मालाची नोंद अशी जबाबदारी द्यावी. मात्र ती खरी जबाबदारी असावी; गल्ल्यावरून उठवून कोपऱ्यात बसवणे नव्हे.

उपचाराची सुरुवात घराजवळूनही होऊ शकते. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे. डॉक्टरांकडे जाताना केवळ ‘झटके किती आले’ एवढेच सांगून थांबू नये. ‘काय विसरतो, केव्हापासून, किती दिवसांनी’ हेही सांगावे आणि स्मरणशक्तीची चाचणी करता येईल का, ते विचारावे. हे न सांगितल्यास व्यग्र दवाखान्यात तो विषय निघेलच असे नाही.

आणि प्रत्यक्ष झटका आला, तर जोडा हुंगवणे, कांदा लावणे, तोंडात चमचा घालणे यांतील काहीही करू नये. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, माणसाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आल्यावर त्याला प्रश्नांनी भंडावू नये. आपण कोठे आहोत हेही त्या क्षणी त्याला उमगत नसते. त्याचे नाव घेऊन, घर कोणते, शेजारी कोण बसले आहे, एवढे शांतपणे सांगावे. त्या काही मिनिटांपुरती त्याची आठवण घरच्यांनी सांभाळायची असते.